ढिलं किती ठेवू?

"ताई, ढिलं किती ठेवू?"

भोसरीतल्या एका गाळ्यात, गुरुवारच्या दुपारी, लेथसमोर उभ्या असलेल्या माणसाने मला हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही. हातात माझंच ड्रॉइंग होतं. तीन महिने रात्री जागून, व्हिडिओ बघत बघत शिकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं. प्रत्येक मापापुढे ±०.०१ असं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त फरक चालणार नाही असं, ठसठशीत उमटलं होतं, कारण ते एका ठिकाणी टाकलं की सगळीकडे आपोआप उमटतं. मी म्हटलं, "ढिलं नकोच मामा, एकदम फिट पाहिजे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकदम फिट म्हंजे फिरायचं नाय. फिरवायचं हाय न्हवं?" मग कागदावर काळं बोट ठेवून म्हणाले, "आणि हे एवढं सगळीकडं कशाला? खुंटी हाय का विमान?" मी हसले, पण घरी येईपर्यंत तो पहिला प्रश्न डोक्यातून गेला नाही. ज्या वस्तूचा शोध आपण लावला असं मी चार लोकांना सांगत फिरत होते, ती आत किती ढिली हवी हे मला माहीत नव्हतं.

वस्तू म्हणजे तंबोऱ्याची खुंटी. आईचा तंबोरा मिरजेचा आहे, चार तारांचा, काळी चार पट्टीचा. १९८१ साली बाबांच्या बोनसमधून घेतलेला. आमच्या घरात फ्रीज त्यानंतर आला, आणि हे आई अजूनही अभिमानाने सांगते. संध्याकाळी पाचला तिच्या शिकवण्या सुरू व्हायच्या. त्याआधी अर्धा तास ती एकटी बसून तंबोरा लावायची. मला गाण्यापेक्षा तो अर्धा तास जास्त आठवतो. गवसणी काढताना येणारा जुन्या कापडाचा आणि लाकडाचा वास, खुंटीची कर्र कर्र, मधेच तार एकदम उतरून ढप्प होणारा आवाज, आणि आईचं स्वतःशीच "अगं बाई!" पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि खुंट्या अडून बसायच्या, दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलायच्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये त्याच खुंट्या सुटायच्या. तेव्हा आई शाळकरी खडू आणून खुंटीला घासायची. आमच्याकडे खडूचा डबा पाटीसाठी कधीच नव्हता.

खुंटी नुसती फिरवून चालत नाही, फिरवता फिरवता आत दाबावी लागते. ती निमुळती असते आणि भोकात रुतूनच धरून राहते. स्क्रू नाही, दाता नाही, सगळा भार लाकडाने लाकडाला धरण्यावर. आईला संधिवात झाला आणि नेमकं हे दाबणंच गेलं. बोटांची पेरं सुजली. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी कामावरून आले तर तंबोरा कोपऱ्यात गवसणीत होता आणि आई मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर एका मुलीला यमन शिकवत होती. तो तंबोरा बेसूर होत नाही, त्याची तार उतरत नाही, तरी त्या दिवशी घर भाड्याचं वाटलं. मी विचारलं तर आई म्हणाली, "सोपं आहे गं हे. बटण दाबलं की झालं." तिने हे अगदी सहज म्हटलं. तेवढं सहज ती सहसा खोटंच बोलते.

मणी असतात ना बारीक सूर लावायला, असं गाणारे लोक म्हणतील. असतात, पण मण्याचा प्रांत छोटा. तार अर्ध्या सुराने उतरली की मणी काही करू शकत नाही, खुंटीकडे जावंच लागतं. आणि खुंटी फार हावरी. तिची जाडी साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात ती सहा सेंटिमीटरच्या आसपास तार गुंडाळते. अंशभर फिरली तरी कानाला कळेल एवढा सूर हलतो. तोही सात-आठ किलोंची ओढ असलेल्या पोलादी तारेचा. आणि हे सगळं सुजलेल्या बोटांनी, आत दाबत दाबत करायचं.

तेव्हा सुचलं की खुंटीच्या पोटात दात्यांची चाकं बसवावीत. व्हायोलिनसाठी अशा खुंट्या मिळतात हे नंतर कळलं, आणि शोध लावल्याचा माझा आनंद तिथेच अर्धा झाला. पण तंबोऱ्याच्या मापाची, बाहेरून लाकडाचीच दिसेल अशी खुंटी मला कुठे सापडली नाही. रचना सोपी: मधे बारा दात्यांचं चाक, त्याच्या भोवती बारा-बारा दात्यांची तीन चाकं, आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारं छत्तीस आतल्या दात्यांचं कडं. कडं तंबोऱ्याच्या भोकात घट्ट बसतं, मधलं चाक खुंटीच्या माथ्याला जोडलेलं असतं, आणि तीन चाकं ज्या चकतीवर बसतात तिला तारेचा दांडा. माथा चार वेळा फिरला की दांडा एकदा फिरतो. म्हणजे बोटांना चौथाई जोर आणि कानाला चौपट सवड. आईने एकच अट घातली. लाकडाला स्क्रू मारायचा नाही आणि चिकटपट्टी-डिंक काही लावायचं नाही.

आधी मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत तो आवाज रस्त्यावरच सुरू होतो. कुणी भोपळा तासतंय, कुणी जवारी काढतंय, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवतंय, एकच तार शंभर वेळा छेडली जातेय. ज्यांच्या दुकानात गेले त्यांनी आईची खुंटी हातात फिरवली, उजेडात धरली. म्हणाले, "ही म्हातारी झाली. नवी देतो, तासाभरात बसवून देतो." मी माझी कल्पना सांगितली. ते ऐकून घेत होते, पण हात थांबला नव्हता, गुडघ्यात धरलेल्या दांडीवर कानस चालूच होती. शेवटी म्हणाले, "आमचे पूर्वज शिकलगार. तलवारींना पाणी द्यायचे. तलवारी गेल्या म्हणून लाकडाकडे आलो. आणि तुम्ही आता लाकडात लोखंड घालायला निघालात." हसले. दीडशेहून अधिक वर्षं झाली फरीदसाहेबांनी पहिली वाद्यं घडवली त्याला, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, भिंतीवर त्याच्या बातमीचं कात्रण होतं. निघताना त्यांनी एकच सांगितलं, "काय घालायचं ते घाला, पण भोकाला जखम करू नका. खुंटी बदलता येते, भोक नाही."

खरी फरपट पुण्यात झाली. कारखान्यांचं गाव म्हणून मी निर्धास्त होते. फोन लावला की पहिला प्रश्न, "क्वांटिटी किती?" मी म्हणायची, एक. पलीकडे शांतता. "एक हजार?" नाही, एक. यातल्या कुणालाच मी दोष देत नाही. संगणकावर चालणाऱ्या मशिनला पहिला नग काढायला अर्धा दिवस सेटिंग लागतं आणि नंतरचे पाचशे नग झोपेत निघतात, तर एकासाठी मशीन कोण अडवून ठेवील? एका चकचकीत कारखान्यात मला एसी खोलीत कॉफी मिळाली आणि जो आकडा मिळाला त्यात मिरजेहून नवा तंबोरा आला असता. मग मी प्लॅस्टिकमध्ये छापून घेतली. खुंटी सुंदर दिसत होती. रात्री तार चढवली, आईला न सांगता, आणि सकाळी तार लोळत पडली होती. दाते तुटले नव्हते, नुसते रात्रभर ओढीखाली हळूहळू कलले होते. आई म्हणाली, "रात्री कोणी हात लावला होता?"

छत्तीस दात्यांचं कडं शेवटी एका वायरकटवाल्याने, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्याने, करून दिलं. पाव मिलिमीटरची पितळी तार, ठिणग्या, पाणी, आणि जाड पितळातून लोण्यासारखं निघालेलं कडं. ते हातात घेतलं तेव्हा ते कोमट होतं की मला वाटलं, कोण जाणे. त्यानेच सांगितलं, "बाकीचं मामांकडे न्या. एक नग करणारे तेवढेच राहिलेत."

मामांचा गाळा म्हणजे दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि एक गणपती. मोठा लेथ हरिहरचा जुना किर्लोस्कर, ज्याच्या बेडच्या पट्ट्या इतक्या गुळगुळीत झालेल्या की त्यांच्यात ट्यूबलाइट दिसते. जमिनीवर निळसर लोखंडाचे वेटोळे, हवेत कूलंटचा आंबूस वास, आणि तो वास घरी आल्यावर ओढणीला दोन दिवस येतो. माझं काम फक्त गुरुवारी होणार होतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, बाकीचे दिवस कंपन्यांचे. मामांनी ड्रॉइंग घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जुनी खुंटी आणा."

पुढच्या गुरुवारी आणली. त्यांनी तिला भोवती कागद गुंडाळून चकात धरलं, डायल लावला आणि हाताने चक फिरवला. काटा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "ही गोल न्हाई." मला खोटं वाटलं. "लाकूड सगळीकडनं सारखं आटत न्हाई. आटून लंबुळकी झालीया. म्हणून सुटती." चाळीस वर्षं आई ज्या खुंटीवर रागावत आली तिचा गुन्हा एका मिनिटात उघडा पडला. मग त्यांनी डायल खुंटीच्या अंगावरून लांबीने सरकवला, काटा हलणं थांबेपर्यंत स्लाइडचा कोन बोटाने टकटक करून बदलत राहिले. टेपर, म्हणजे निमुळतेपणा, किती हे त्यांनी आकड्यात विचारलंच नाही. मी माझ्या वहीत मोजून ठेवलं होतं, साठ मिलिमीटरात दोन. ते म्हणाले, "आसंल." कडं बसवायला पितळेचं निमुळतं कवच काढलं, त्यावर खडूची एक उभी रेघ मारली आणि मी सोबत आणलेल्या तंबोऱ्याच्या भोकात घालून हलकेच फिरवलं. बाहेर काढून बघितलं तर खडू टोकापाशी पुसला होता, मुळाशी तसाच होता. परत कापलं, परत खडू. खडूचा डबा बघून मी काही बोलले नाही.

आणि मग मधल्या चाकाची वेळ आली आणि तो प्रश्न आला. ढिलं किती ठेवू.

त्या आठवड्यात मी खूप वाचलं. दात्यांमधल्या सैलपणाचे तक्ते मिळाले, पण ते गिअरबॉक्सचे होते, तंबोऱ्याचे नव्हते. वाचता वाचता भरकटले आणि आमच्याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांपाशी पोचले. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, मागे लागलेला माणूस. जोडीला क्लेमेंट्स नावाचा इंग्रज अधिकारी, आणि प्रयोगांना गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्यातून श्रुती हार्मोनियम निघाली, ती इंग्लंडमध्ये घडवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खल झाला. पंडितांना ती पटली नाही. मला वाटत राहिलं की सांगलीत कानाने ठरवलेली श्रुती समुद्रापलीकडच्या कारागिराला पत्रातून कशी सांगितली असेल? आकडे पाठवले असणार. माझ्या ±०.०१ सारखेच. त्या उलट म्युनिकचा थिओबाल्ड बोहम, ज्याने १८४७ मध्ये आजच्या पाश्चात्त्य बासरीचा साचा ठरवला, तो मुळात सोनार, आणि स्वतः बासरी वाजवणारा. त्याला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. त्याची तेव्हा मला फार असूया वाटली.

उत्तर मिळालं ते वाचून नाही. त्या आधीच्या गुरुवारी मामा टूल पुढे नेत होते. हँडलवरची खूण चुकली, एक रेघ पुढे गेली. मी असते तर एक रेघ मागे घेतली असती. त्यांनी हँडल चांगला अर्धा फेरा मागे नेला आणि मग पुन्हा पुढे पुढे आणत नेमक्या रेघेवर थांबवला. मी विचारलं, एवढं मागे कशाला? "आट्यात प्ले असतो, जरा मोकळी फट. मागं घिऊन थांबलं तर डायल एक सांगतो आणि टूल दुसरंच करतं. थांबायचं ते कायम एकाच बाजूनं येऊन." मी मान डोलावली होती, कळल्यासारखी.

रविवारी आईकडे एक नवी मुलगी आली होती. हट्टाने खरा तंबोरा काढायला लावला तिने, आणि लावायला स्वतः बसली. जोडीची, म्हणजे एकाच सुरात लावायच्या मधल्या दोन तारांपैकी एक, तार जरा वर गेली, तिने खुंटी हळूच उलटी फिरवली, सूर बरोबर आला, तिने हात काढला. आई खुर्चीतून म्हणाली, "असा नाही ठेवायचा. वरून उतरवलेला सूर टिकत नाही. पूर्ण खाली ने, आणि खालून चढवत आण. सुरावर थांबायचं ते नेहमी खालून येऊन." हे वाक्य मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलंय. मला ती गाण्यातली एक शिस्त वाटायची, ज्येष्ठांच्या पाया पडावं तशी. मुलीने तार ढिली केली, पुन्हा चढवली. दोन जोडांचे सूर किंचित वेगळे असले की आवाजात येणारं डोलणं संथ होत होत थांबलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास हातात घेऊन नुसती उभी राहिले.

आई खालूनच चढवते. म्हणजे तार कायम दात्यांना एकाच बाजूला ओढून धरणार, आणि दुसऱ्या बाजूला किती फट आहे याच्याशी सुराला देणंघेणंच नाही. उलटं फिरवताना माथा जरासा मोकळा जाईल, तेवढंच. गुरुवारी मी मामांना हे सांगितलं, आईच्या शब्दांत सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "त्यांनी लेथ चालवलाय का?" नाही हो, गाणं शिकवतात. "मग ठीक हाय. कागदाएवढं ढिलं ठेवतो." आणि खरोखरच वहीचा एक कागद फाडून दात्यांमध्ये घालून बघितला. बारा दात्यांच्या चाकावर मात्र कुरकुरले. सतरा दात्यांच्या खाली गेलं की दाता मुळाशी बारीक होतो, सोसंल का, असं दोनदा विचारलं. खुंटी आपोआप उलटी फिरू नये म्हणून माथ्याखाली तेलात मुरवलेल्या चामड्याची चकती आणि स्प्रिंग वॉशर हेही त्यांचंच. माझ्या ड्रॉइंगमध्ये तिथे काहीच नव्हतं. पैसे विचारले तर दोन हजार म्हणाले, मी चार दिले, त्यांनी एक परत केला. या व्यवहारात बरोबर कोण होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकच खुंटी केलीय, दुसऱ्या जोडीची. माथा आईच्या जुन्या खुंटीचाच, कापून वर बसवलेला, त्यामुळे बोटांना ओळखीचा. ऑगस्टमधला भर पाऊस होता. आईने उजव्या हाताच्या दोन बोटांनी माथा धरला. आत दाबायला गेली, सवयीने, मग लक्षात येऊन थांबली. फिरवला. तार बोलत वर आली, पुढे गेली. तिने उलटा फिरवला, मधे जरा मोकळा गेला, तिच्या भुवया किंचित वर गेल्या. खाली नेलं. खालून चढवत आणलं. पहिल्या जोडीशी डोलणं थांबलं तेव्हा तिने हात काढला आणि बराच वेळ चारही तारा छेडत राहिली. मला काहीतरी ऐकायचं होतं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि बाहेरच्या खोलीत तंबोरा वाजत होता.

चार दिवसांनी, भाजी निवडताना म्हणाली, "चांगली आहे गं खुंटी. फक्त मुकी आहे." म्हणजे? "जुनी कर्र करायची ना. त्यावरून हाताला कळायचं किती आलो. ही गुपचूप जाते. डोळ्यावर पट्टी बांधून जिना उतरल्यासारखं होतं."

मामांना फोन केला. कसं सांगावं कळेना. चाळीस वर्षं आई ज्या आवाजाला वैतागली तोच आता हवाय. म्हटलं, मामा, आवाज येत नाही तिचा. पलीकडे लेथ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"आवाज पायजे व्हय? घालता येतो की. आत एक पत्ती टाकू. पर ताई, कुरकूर किती ठेवू?"

मी फोन आईच्या हातात दिला.